डबा ठरवण्याआधी परठण्याचा विचार



चातुर्मास जवळ आला की आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक महिला मंडळात एकच चर्चा सुरू होते. प्रभावनेत काय द्यायचे, मासखमणाच्या पारण्याला डबा कोणता करायचा, पर्युषणात आठ दिवस आठ वेगळी पाकिटे द्यायची की एकच मोठे. याच दिवसांत घरी खाखरे, मुगाचे पापड, मुखवास, सुंठ-मिऱ्याचा मसाला करून विकणाऱ्या बहिणीही पॅकिंगची ऑर्डर देतात, कारण दिवाळीपर्यंतचा माल याच वेळी उचलला जातो. जालना, अंबड, परतूर, भोकरदन, कुठेही जा, प्रिंटरच्या टेबलावर आपल्या समाजाच्या डब्यांचे नमुने पडलेले असतात.

या डब्यांविषयी माझे एक मत आहे आणि ते स्पष्टच मांडते. डबा कसा दिसेल हे ठरवण्याआधी तो रिकामा झाल्यावर कुठे जाईल हे ठरवले पाहिजे. आपल्या धर्मात या विचाराला नाव आहे, जागा आहे. घर चालवताना आणि धंदा करताना मात्र आपण तो साधू-साध्वींवर सोडून दिला आहे.

पाच समिती आपण सगळ्या लहानपणी शिकलो. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि पाचवी परिष्ठापनिका. महासतीजींना एखादी वस्तू टाकायची असेल तर त्या ‘टाकत’ नाहीत, परठतात. आधी जागा बघतात, तिथे मुंगी-किडा, हिरवळ, ओल नाही ना याची खात्री करतात, पुंजतात आणि मगच ती वस्तू ठेवून ‘वोसिरे’ म्हणतात. म्हणजे या वस्तूवरचा माझा हक्क संपला, पण तिच्यामुळे कुणाला त्रास होणार नाही एवढे मी पाहिले आहे. आपण गृहस्थ इतके काटेकोर राहू शकत नाही हे मान्य. पण पाचशे डब्यांची ऑर्डर देणारी बाई एका सहीने पाचशे वस्तू गावात सोडत असते. त्या कुठे पडतील याचा विचार तिने केला नाही तर कोण करणार?

इथे कुणी म्हणेल, आम्ही प्लास्टिक कधीच सोडले, आमचा डबा कागदीच असतो. अडचण नेमकी इथेच आहे. जे कागदी दिसते ते सगळे कागद नसते.

आपल्या नेहमीच्या भेटीच्या डब्याकडे नीट बघा. पुठ्ठा कागदाचा, पण त्यावर चकचकीत किंवा मखमली स्पर्शाचे लॅमिनेशन, म्हणजे चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. नावावर सोनेरी फॉइल. झाकणाला आतला मेवा दिसावा म्हणून प्लास्टिकची खिडकी. आत फोमची गादी किंवा प्लास्टिकचे खाचे असलेला ट्रे. झाकण बंद राहावे म्हणून चुंबक, बाहेरून सॅटिनची रिबन आणि शेवटी सेलोटेप. सहा-सात पदार्थ एकमेकांना असे चिकटवलेले की सुटे करणे कुणाच्याच हातात राहत नाही.

कागद पुन्हा कागद कसा होतो हे कळले की यातले दुखणे लक्षात येते. रद्दी कागद गिरणीत गेली की मोठ्या मिक्सरसारख्या टाकीत पाण्याबरोबर घुसळतात. कागदाचे तंतू सुटे होऊन त्यांचा लगदा होतो. तो चाळण्यांतून गाळतात, पसरतात, दाबतात, वाळवतात. एका तंतूचा असा प्रवास साधारण पाच ते सात वेळा होऊ शकतो, कारण दर खेपेला तो थोडा आखूड होतो. साधा पुठ्ठा या टाकीत पटकन विरघळतो. लॅमिनेशन केलेला पुठ्ठा विरघळत नाही, एका बाजूने फिल्म त्याला धरून ठेवते. काही गिरण्यांकडे फिल्म वेगळी करण्याची यंत्रे असतात, पण त्यांतही फिल्मला चिकटलेले तंतू वाया जातात आणि प्लास्टिकचा ढीग शिल्लक राहतोच. म्हणून रद्दीवाला असा डबा हातात घेऊन बाजूला टाकतो. त्याचे चुकत नाही. त्याला त्याचा भाव येत नाही.

ही गोष्ट जालन्याच्या माणसाला फार समजावून सांगावी लागू नये. आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या भट्ट्या भंगार लोखंड वितळवून सळई करतात, आणि आपल्यापैकी कित्येकींच्या घरचे पुरुष त्या व्यवसायात आहेत. निव्वळ लोखंडाच्या भंगाराला भाव असतो, रबर, प्लास्टिक, माती मिसळलेल्या भंगाराचा भाव पडतो, हे आपण जेवणाच्या ताटावर ऐकत आलो आहोत. कागदाचा हिशेब तोच आहे. एकजिनसी असेल तर माल, मिसळ असेल तर कचरा.

मग या मिसळ डब्याचे होते काय? कचऱ्याच्या ढिगावर जातो, नाहीतर जळतो. जळताना प्लास्टिकचा विषारी धूर होतो, आणि अग्निकाय, वायुकायाचा जो विचार आपण रोजच्या आलोचनेत करतो तो त्या धुराला लागू नाही असे तर नाही. ढिगावर गेला तर तिथे गाय येते. डब्याच्या तळाशी चिकटलेल्या मिठाईच्या, तुपाच्या वासाने ती वेष्टनासकट चघळते. पुठ्ठा तिला कदाचित पचेल, पण फिल्म, रिबन, पिशवी तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत जाते. जनावरांचे डॉक्टर शस्त्रक्रियेत गायींच्या पोटातून प्लास्टिकचे गोळे काढतात हे आपण सगळ्यांनी वाचले आहे. पर्युषणात आपण गोशाळेला चाऱ्याचे दान लिहितो. त्याच पर्युषणात वाटलेल्या डब्याची फिल्म गायीच्या पोटात जावी, याला जीवदया म्हणता येत नाही.

कायदाही या दिशेने गेला आहे. महाराष्ट्रात प्लास्टिक आणि थर्माकोलबंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली आणि त्या वर्षी २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पुढे केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर देशभर बंदी घातली. त्या यादीत मिठाईच्या डब्यांवर आणि निमंत्रणपत्रिकांवर गुंडाळायची फिल्मसुद्धा आहे. म्हणजे थेट आपल्या लग्नसराईच्या आणि प्रभावनेच्या वस्तू. मिठाईच्या दुकानदाराने वरची फिल्म काढली, आणि आपण समजलो की प्रश्न सुटला. पण पुठ्ठ्याला चिकटवलेल्या फिल्मकडे आपले लक्षच जात नाही, कारण ती दिसत नाही.

न दिसणाऱ्या थराचे दुसरे उदाहरण आपल्या स्थानकातच आहे. तपस्येच्या दिवसांत उकळलेले पाणी कागदी ग्लासात देण्याची पद्धत पडली आहे. या ग्लासाला आतून प्लास्टिकचा पातळ लेप असतो, नाहीतर पाणी झिरपले असते. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की १०० मिलिलिटर गरम पाणी अशा ग्लासात पंधरा मिनिटे राहिले तर त्यात सुमारे २५,००० सूक्ष्म प्लास्टिक कण उतरतात. पाणी इतक्या यतनेने गाळायचे, उकळायचे आणि मग अशा ग्लासात ओतायचे? स्टीलचा पेला धुण्याचे कष्ट त्यापेक्षा केव्हाही बरे.

आता अशी एक गोष्ट, जिच्याविषयी आपल्या बायकांत मी फारसे बोलणे ऐकले नाही. डबा चिकटवतात कशाने? नालीदार पुठ्ठ्याची खोकी बहुधा मक्याच्या स्टार्चच्या खळीने चिकटवतात, त्यात आपल्याला अडचण नाही. पण पुस्तकाच्या बांधणीसारखे जे जाड, टणक भेटीचे डबे असतात, ज्यांच्यावर रंगीत कागद मढवलेला असतो, त्यांच्यासाठी ‘सरस’ वापरण्याची जुनी पद्धत आहे. सरस जनावरांच्या कातड्यापासून आणि हाडांपासून तयार होतो. यंत्रावर मढवल्या जाणाऱ्या डब्यांसाठीही जिलेटिनचा गोंद बाजारात सर्रास मिळतो. सगळेच डबे तसे असतात असे नाही, पण विचारल्याशिवाय कळणार नाही. मिठाईच्या पाकिटावरचा हिरवा ठिपका आतल्या पदार्थाचा असतो, डब्याचा नसतो. वरखाच्या बाबतीत आपल्या समाजाने वर्षानुवर्षे प्रश्न विचारले, म्हणून २०१६ मध्ये वरख तयार करताना प्राणिज वस्तू वापरू नये असा नियम झाला. डब्याच्या गोंदाबद्दल प्रश्न विचारायला आपल्याला कुणी अडवलेले नाही. खळ किंवा वनस्पतिजन्य गोंद हवा असे ऑर्डरच्या कागदावर लिहून द्या. अशी खळ लगद्याच्या टाकीत सहज सुटते, त्यामुळे अहिंसा आणि पुनर्वापर दोन्ही एकाच वाक्यात साधतात.

तसाच छापण्याचा विषय. नवकार मंत्र, गुरुदेवांचे छायाचित्र, अष्टमंगल हे सगळे डब्याच्या झाकणावर छापायची हौस वाढली आहे. भावना चांगली असते. पण चौथ्या दिवशी तो डबा कुठे असतो? अक्षर असलेल्या कागदाला पाय लागला तर आपण तो कपाळाला लावतो, ज्ञानपंचमीला पुस्तकांपुढे वंदना करतो, छापील कागदावर जेवू नये असे आपल्या आज्या सांगत. (खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नयेत हे आता अन्नसुरक्षेच्या नियमांतही आले आहे, कारण शाई अन्नात उतरते.) मग ज्या वस्तूचे नशीब कचराकुंडी आहे तिच्यावर नवकार छापणे ही आशातना नव्हे तर काय? छापील नावामुळे भाविक माणसे तो डबा रद्दीतही देत नाहीत. वर्षानुवर्षे माळ्यावर ठेवतात आणि शेवटी नदीत सोडतात. तीर्थंकरांचे नाव आत एका छोट्या चिठ्ठीवर असू द्या, जी पोथीत ठेवता येईल. डबा साधा राहू द्या.

तर मग डबा असावा कसा? प्रिंटर आणि घरचा उद्योग करणाऱ्या दोन-चार बहिणींशी बोलून मला जे पटले ते सांगते.

पहिली गोष्ट, डबा एकाच पदार्थाचा असावा आणि तो पदार्थ कागद असावा. झाकण चुंबकाऐवजी खाचेत अडकणाऱ्या कानाने बंद होते. फोमच्या गादीऐवजी दुमडलेल्या पुठ्ठ्याचे कप्पे करता येतात. प्लास्टिकच्या खिडकीची गरज नाही, आत काय आहे ते लिहिता येते. रिबनऐवजी सुती दोरा, सेलोटेपऐवजी खळीची कागदी पट्टी. चकाकी हवीच असेल तर लॅमिनेशनऐवजी पाण्यावर आधारित वार्निश मागा. ते छपाई पुसू देत नाही आणि लगदा होताना आड येत नाही. छपाई एक-दोन रंगांत ठेवली, तपकिरी क्राफ्ट कागदाची मूळची रंगत राहू दिली, तर डबा गरीब दिसत नाही. खादीसारखा दिसतो.

दुसरी गोष्ट, डबा कोरडा आणि स्वच्छ राहिला पाहिजे. तेल-तूप प्यायलेला पुठ्ठा गिरणीला चालत नाही. म्हणून आत खाण्यासाठी योग्य असा सुटा कागद घाला. तो तेलकट होईल आणि वेगळा निघेल, बाहेरचा डबा रद्दीत जाईल. पुनर्वापराच्या पुठ्ठ्याला अन्न थेट लागू नये हे आरोग्यासाठीही बरे, कारण जुन्या शाईचे अंश त्यात उरू शकतात.

तिसरी गोष्ट, जिथे कागद पुरत नाही तिथे ते मान्य करावे. खाखरा आणि पापड यांना दमट हवा लागली की माल गेला. पार्ले-जी बिस्किटे पूर्वी मेणकागदात मिळत, आता प्लास्टिकच्या वेष्टनात मिळतात. आपल्या जालन्याच्या बियाण्याच्या पाकिटांनाही ओलीपासून संरक्षण लागते. म्हणून खाखऱ्यासाठी आतली पिशवी प्लास्टिकची लागलीच, तर ती एकाच प्रकारच्या प्लास्टिकची असावी, पुठ्ठ्याला न चिकटवलेली असावी, आणि ‘पिशवी वेगळी, डबा वेगळा टाका’ एवढी ओळ डब्यावर असावी. सुटे राहिलेले दोन पदार्थ दोन वाटांनी जाऊ शकतात. चिकटवलेल्या दोघांना कचऱ्याखेरीज वाट नसते. मुखवास, मसाला, सुकामेवा यांना जमेल तिथे काचेची बरणी द्या, रिकामी आणली तर पुढच्या खरेदीत पैसे वळते करा. आपल्या गावात ग्राहक घरचाच असतो, हे सहज होते.

डबा खरा कागदी आहे का हे ओळखणे सोपे आहे. नमुन्याचा कोपरा फाडून बघा. फाटलेल्या कडेला पातळ, ताणली जाणारी फिल्म दिसली तर लॅमिनेशन आहे. तेवढ्याने कळले नाही तर एक तुकडा भांडी विसळलेल्या पाण्यात घालून काही तासांनी बोटांनी चोळा. लगदा झाला तर कागद, हातात पापुद्रा उरला तर प्लास्टिक. वेगळे पाणी लागत नाही आणि प्रिंटरच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

यावर दोन आक्षेप मला ऐकू येतात. पहिला, समाजात शोभा राहत नाही. अमक्यांच्या पारण्याला मखमली डबा होता, आमच्या सुनेच्या वर्षीतपाला साधा पुठ्ठा? बहिणींनो, वर्षभर एक दिवस उपवास आणि एक दिवस बियासणे करणाऱ्या बाईची शोभा डब्याच्या लॅमिनेशनवर अवलंबून असेल, तर आपण तपाला फार कमी लेखले. शिवाय फॉइल, फिल्म, चुंबक, गादी गेली की खर्चही उतरतो. त्या पैशाचा चारा गोशाळेत जाईल.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. कागद तरी कुठे निर्दोष आहे? त्यालाही झाड लागते, पुष्कळ पाणी लागते. पंधरा कर्मादानांत वनकर्म आहेच. हे खरे आहे, आणि म्हणून मी ‘प्लास्टिकऐवजी हवा तेवढा कागद’ असे म्हणत नाही. डबा लागतोच का, हा पहिला प्रश्न. प्रभावनेत बहिणी स्वतःची डबी घेऊन आल्या तर काहीच लागत नाही. लागलाच तर लहान असावा. आणि जो कागद वापरला तो पुन्हा कागद होऊ शकेल असाच असावा, म्हणजे पुढच्या डब्यासाठी नवे झाड कमी लागेल. आपल्या देशातल्या कागदाचा मोठा भाग रद्दीपासूनच होतो, तरी पुरेशी स्वच्छ रद्दी गोळा होत नाही म्हणून ती परदेशातून आणावी लागते. घरातली चांगली रद्दी आपणच फिल्म चिकटवून बिघडवायची आणि गिरणीने बाहेरून मागवायची, यात कोणते शहाणपण आहे?

हा काही बाहेरून आलेला नवा विचारही नाही. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळकडे जाताना दौलताबादजवळ कागजीपुरा नावाचे गाव लागते. तिथली हातकागदाची परंपरा तुघलकाच्या काळापासूनची, म्हणजे चौदाव्या शतकातली मानली जाते. तिथले कारागीर चिंध्या आणि जुना कागद कुटून, भिजवून नवा कागद करीत. जुन्या मराठी दफ्तरांत हा ‘दौलताबादी कागद’ नावाने ओळखला जातो. वापरलेल्या वस्तूतून पुन्हा अक्षरासाठी कागद घडवणे ही आपल्याच मुलखाची विद्या आहे. त्यात फिल्म मिसळायचे तेवढे आपण नव्याने शिकलो.

श्रावकाच्या व्रतात आपण म्हणतो, करणार नाही आणि करवणार नाही. अनुमोदनाचा पूर्ण त्याग गृहस्थाला जमत नाही, म्हणून तेवढी मोकळीक शास्त्राने ठेवली. पण डब्याची ऑर्डर देणे म्हणजे अनुमोदन नव्हे, ते ‘करवणे’ आहे. डिझाइन आपण निवडतो, पैसे आपण देतो, संख्या आपण ठरवतो. प्रिंटर म्हणतो ‘बाई, सगळे असेच घेतात’, तेव्हा ‘सगळे’ म्हणजे आपणच असतो.

म्हणून या चातुर्मासाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येक मंडळाने एवढा ठराव करावा. डबा घेण्याआधी प्रिंटरला चार प्रश्न विचारायचे. यावर फिल्म आहे का? गोंद कशाचा आहे? यातले काय काय सुटे होते? आमच्या गावचा रद्दीवाला हा घेईल का? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर प्रिंटरकडे नसेल, तर नमुना घेऊन सरळ रद्दीवाल्याला विचारा. तो डबा तराजूत ठेवायला तयार झाला तरच ऑर्डर द्या.